मोठा वूफर मंद असतो का? सबवूफरविषयी वाचकांच्या शंका

प्रश्न : घरी गाणी ऐकण्यासाठी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बास) वाजवणारा स्पीकर, घ्यायचा आहे. १० इंची घ्यावा की १५ इंची, यावरून मित्रांत दोन तट पडले आहेत. एकाचं ठाम मत, मोठा कोन (स्पीकरचा पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) जड, त्याला हलायला आणि थांबायला वेळ लागतो. तेव्हा १५ इंची सिनेमासाठी ठीक, गाण्यासाठी १० इंचीच चपळ. यात तथ्य किती?

उत्तर : फार थोडं. सबवूफरच्या वाट्याला काम काय येतं ते आधी पाहा. क्रॉसओव्हर (खालचे सूर सबवूफरकडे आणि वरचे मुख्य स्पीकरकडे वाटणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवला, तर साधारण २० ते ८० हर्ट्झ एवढाच पट्टा त्याच्याकडे जातो. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं असतं. शून्यावरून शिखरावर चढायला त्याला ३ मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं. याहून झटपट चढणारा भाग क्रॉसओव्हरनं आधीच छाटलेला असतो, तो सबवूफरपर्यंत पोहोचतच नाही. ५० हर्ट्झचा सूर वाजत असेल तर कोन सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होणार, मग तो ८ इंची असो की १८ इंची.

आता वजन. व्हॉइस कॉइलमधला (कोनला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीतला) करंट आणि चुंबकाचं क्षेत्र मिळून कोनला ढकलणारं बल तयार होतं. बल तेच ठेवून वजन दुप्पट केलं, तर त्वरण निम्मं होतं हे खरं. पण निम्मं त्वरण म्हणजे उशीर नव्हे. कोन त्याच क्षणी हलायला लागतो, फक्त कमी हलतो. ड्रायव्हरच्या (कोन, कॉइल, चुंबक मिळून झालेल्या भागाच्या) रेझोनन्सच्या, म्हणजे तो आपसूक डोलतो त्या फ्रीक्वेन्सीच्या, वरच्या पट्ट्यात याचा परिणाम एवढाच, की आवाज ६ डेसिबलनं उतरतो आणि तो भरून काढायला ॲम्प्लिफायरला चौपट वॉट द्यावे लागतात.

गंमत अशी, की वेगच मोजायचा तर जास्त पळावं लागतं ते छोट्या ड्रायव्हरला. जमिनीवर ठेवलेला सील्ड (हवाबंद बॉक्सचा) सबवूफर मोकळ्या जागेत १ मीटरवर ३० हर्ट्झला १०० डेसिबल देतोय असं धरा. त्यासाठी सुमारे ४२० घन सेंटिमीटर हवा प्रत्येक बाजूला ढकलावी लागते. ८ इंची कोनचं परिणामकारक क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे त्याला एका बाजूला १९ मिमीहून जास्त सरकावं लागेल. १० इंचीला (सुमारे ३४० चौरस सेंटिमीटर) १२ मिमी, १२ इंचीला (४९०) साडेआठ, १५ इंचीला (८३०) ५ आणि १८ इंचीला (११८०) साडेतीन मिमी पुरतात. या सुरात १० इंची कोनचा कमाल वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या पुढे जातो, १५ इंचीचा एक मीटरच्याही आत राहतो.

आकारानं फरक पडतो तो इथे. आवाज तेवढाच ठेवून फ्रीक्वेन्सी निम्मी केली की कोनचा प्रवास चौपट होतो. वरचेच १०० डेसिबल २० हर्ट्झला हवे असतील, तर १० इंचीला २७ मिमीहून जास्त सरकावं लागेल, आणि बहुतेक १० इंची ड्रायव्हरना ते झेपत नाही. कोन एक्समॅक्सच्या (एका बाजूला नीट सरकण्याच्या मर्यादेच्या) जवळ गेला की कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर यायला लागते, पकड सैल होते, कोनला धरून ठेवणारे सराउंड आणि स्पायडर ताणले जातात आणि मूळ सुरात नसलेले हार्मोनिक (त्याच्या पटीतले सूर) मिसळतात. ते कानाला लगेच जाणवतात, कारण २० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायलाच ७८ डेसिबलच्या आसपास पातळी लागते, तर त्याच्या तिसऱ्या हार्मोनिकला, म्हणजे ६० हर्ट्झला, ४० डेसिबलही पुरतात. मोजमापात किरकोळ दिसणारं विकृतीकरण म्हणूनच मूळ सुरापेक्षा ठळक ऐकू येतं. मोठ्या कोनला कमी हलावं लागतं, तेवढा तो स्वच्छ राहतो.

मग इतक्या जणांना छोटा सबवूफर चपळ का वाटतो? बऱ्याचदा तो ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही देतच नाही. खोलीतला सर्वांत खालचा, सर्वांत लांब घुमणारा सूर उठतच नाही आणि बास नीटनेटका वाटतो. मोठा सबवूफर आणला की तोच सूर जागा होतो आणि बोल ड्रायव्हरला लागतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मध्यम खोलीत, मध्यम आवाजात, गाण्यांसाठी १० किंवा १२ इंची पुरेल. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या गिटारची ३१ हर्ट्झची. त्याखाली वाद्यसंगीतात पाइप ऑर्गन, पियानो अशी मोजकीच वाद्यं उतरतात. जागा आणि बॉक्सचा आकार यांची अडचण नसेल, तर मात्र १५ इंची नाकारायला चपळाईचं कारण देऊ नका.

प्रश्न : जुन्या १२ इंची सबवूफरचा ड्रायव्हर जळाला. त्याच ४५ लिटरच्या सील्ड बॉक्सचं भोक मोठं करून १५ इंची ड्रायव्हर बसवला. आता बास ढब्ब झालाय, किक ड्रमचा प्रत्येक ठोका शेपटासारखा लांबतो. हा मोठ्या कोनचाच दोष ना?

उत्तर : दोष बॉक्सचा. सील्ड बॉक्समधली हवा स्प्रिंगचं काम करते आणि बॉक्स जितका लहान तितकी ती ताठ. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातले तीन आकडे घ्या : एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा रेझोनन्स), क्यूटीएस (तो रेझोनन्स किती मोकळा सुटतो याचा आकडा) आणि व्हीएएस (ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ असणारी हवा, लिटरमध्ये). व्हीएएसला बॉक्सच्या लिटरनी भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या वर्गमूळानं क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी (बॉक्ससकटचा क्यूटीएस) मिळतो, एफएसला गुणलं की बॉक्ससकटचा रेझोनन्स मिळतो.

तुम्ही आकडे कळवलेले नाहीत, म्हणून १५ इंचीला शोभतील असे धरू : एफएस २२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस २५० लिटर. ४५ लिटरमध्ये वर्गमूळ २.५६ येतं. क्यूटीसी १.१५, रेझोनन्स ५६ हर्ट्झ. याचा अर्थ ७० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबलचा फुगवटा, त्याखाली बास वेगानं उतरणार आणि प्रत्येक ठोक्यामागे थोडी थरथर उरणार. किक ड्रमचा मूळ सूर बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे फुगवटा नेमका त्याच्याच डोक्यावर बसला. हाच ड्रायव्हर १७० लिटरमध्ये घातला तर क्यूटीसी ०.७ होतो, फुगवटा नाहीसा होतो आणि रेझोनन्स ३५ हर्ट्झवर उतरतो. ०.५ ते ०.७ या पट्ट्यातला बास कसलेला वाटतो, ०.९ च्या पुढे तो गुबगुबीत होऊ लागतो. १० इंची ड्रायव्हर कोंडला तर तोही असाच वागतो, फक्त त्याचा व्हीएएस मुळात कमी असल्यामुळे लहान बॉक्स त्याला सहसा खुपत नाही.

बॉक्समध्ये पॉलिएस्टरचा कापूस भरा असा सल्ला तुम्हाला मिळेल. लिटरला ८ ते १६ ग्रॅम या प्रमाणात सैलसर भरला, तर हवेला बॉक्स १० ते २० टक्के मोठा भासतो. तुमच्या बाबतीत क्यूटीसी १.१५ वरून फार तर १.०७ होईल, तेवढ्यानं भागणार नाही. कापूस मॅग्नेटच्या मागच्या हवेच्या छिद्रावर येऊ देऊ नका, तिथे तो आत ओढला जाऊन घासतो.

दुसरा उपाय डीएसपीमधल्या (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या भागातल्या) लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म या फिल्टरचा. सध्याचा रेझोनन्स आणि क्यूटीसी (५६ हर्ट्झ, १.१५) आणि हवे असलेले (समजा ३५ हर्ट्झ, ०.७) असे चार आकडे दिले की फिल्टर फुगवटा कापतो आणि खालचा बास उचलतो. पण बास जितका खाली न्याल तितकी वीज जाते : ५६ ऐवजी २८ हर्ट्झपर्यंत जायचं म्हटलं, तर तळाला १२ डेसिबल, म्हणजे सोळापट वॉट आणि चौपट कोन-प्रवास. ३५ हर्ट्झवर थांबलात तर साधारण ८ डेसिबल, साडेसहापट वॉट. ॲम्प्लिफायरकडे तेवढी ताकद नसेल तर तो क्लिप होईल, म्हणजे सिग्नलची शिखरं कापेल, आणि नवी कॉइलही जुन्या वाटेनं जाईल.

जागा असेल तर नवा बॉक्स करणं सर्वांत चांगलं. लिटर मोजताना ड्रायव्हर स्वतः चार-पाच लिटर खातो, आतले आडवे टेकू वेगळे, तेवढे वजा करायला विसरू नका. १८ मिमी एमडीएफ, मोठ्या फळीला मधोमध टेकू, आणि ड्रायव्हरखाली फोमची पट्टी. सांध्यातून हवा गळत असेल तर मोठ्या ठोक्याला फुसफुस ऐकू येते. २५ हर्ट्झचा सूर हळू लावून सांध्यांवरून ओला हात फिरवला की गळती सापडते.

प्रश्न : एक १५ इंची की दोन १० इंची? एकूण खर्च आणि वॉट सारखेच आहेत.

उत्तर : एक्समॅक्स समान असेल तर ८३० विरुद्ध (दोन्ही मिळून) ६८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकटा १५ इंची पावणेदोन डेसिबलनं पुढे. हा फरक जाणवेल न जाणवेल. पण दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेले सबवूफर खोलीतले चढउतार बरेच सपाट करतात, आणि हा फायदा पावणेदोन डेसिबलपेक्षा कितीतरी मोठा आहे. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून पाहा. लांबीचा पहिला मोड (त्या लांबीमुळे खोलीत घुमणारा सर्वांत खालचा सूर) त्यात जवळजवळ रद्द होतो. दोन्ही एकावर एक रचणार असाल तर मात्र १५ इंचीच घ्या.

प्रश्न : माझ्या सोफ्यावर बसलं की बासचा एकच सूर घुमत राहतो, बाकीचे हरवतात. दाराशी उभं राहिलं की सगळं स्पष्ट. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद. १२ इंचीच्या जागी ८ इंची लावला तर घुमणं थांबेल का?

उत्तर : त्या सुराइतकं खाली ८ इंची पोहोचला नाही तर थांबेल, पण मग तो सूरच ऐकू येणार नाही. डोकेदुखीवर कान झाकण्यातला प्रकार.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बसली की खोली त्या सुराला धरून ठेवते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीनं भागा : ५ मीटरला ३४ हर्ट्झ, ४ मीटरला ४३ हर्ट्झ. त्यांच्या पटीतले सूरही असतातच. असा मोड ६० डेसिबल विरायला किती वेळ घेतो हे त्याच्या क्यूवरून (तो किती टोकदार आहे या आकड्यावरून) कळतं : २.२ गुणिले क्यू, भागिले फ्रीक्वेन्सी. टणक भिंतींच्या खोलीत ४० हर्ट्झच्या मोडचा क्यू १५ असेल तर उत्तर येतं ८०० मिलिसेकंदांहून जास्त. ०.७ क्यूटीसीच्या सबवूफरला, त्याचा रेझोनन्स ४० हर्ट्झ धरला, तर याच हिशेबानं ४० मिलिसेकंदही लागत नाहीत. खोली ड्रायव्हरच्या वीसपट वेळ घुमते. अशा परिस्थितीत १० इंची थांबायला चपळ की १५ इंची, हा वाद कानापर्यंत पोहोचणारच नाही.

आधी जागा बदला, त्याला काही लागत नाही. सबवूफर सोफ्यावर, तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा. ३० ते ८० हर्ट्झ हळूहळू चढणारा सूर किंवा चालती बास लाइन असलेलं गाणं लावा. भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे सगळे सूर जवळपास सारखे वाटतील ती सबवूफरची जागा. कान जमिनीजवळच हवा, उभं राहून ऐकलंत तर निष्कर्ष चुकतो. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर निदान अर्धा-पाऊण मीटर पुढे ओढा. भिंतीशी सगळे मोड शिखरावर असतात, म्हणूनच तिथे घुमतं. खोलीच्या ऐन मधोमधही नको, तिथे ३४ हर्ट्झ गायब होईल.

मग मोजमाप. कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक कानाच्या उंचीवर लावा. रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप वाजवून आलेख देतं. स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) बंद ठेवा, नाहीतर बासची टोकं दिसतच नाहीत. वॉटरफॉल (सूर विरत जाताना दाखवणाऱ्या) आलेखात लांब शेपूट असलेला सूर शोधा आणि फक्त तोच कापा : उदाहरणार्थ ४३ हर्ट्झ, उणे ८ डेसिबल, क्यू ६. पुन्हा मोजा, शिखर उतरलं तर त्या जागेवरची शेपूटही आखडलेली दिसेल. असे तीन-चार फिल्टर पुरे होतात. खड्डे भरायला जाऊ नका. खड्ड्यात परावर्तित लहर मूळ लहरीला खोडून काढत असते; तुम्ही ६ डेसिबल वाढवलेत की खोडणारी लहरही ६ डेसिबलनं वाढते आणि हाती लागतं ते फक्त कोनचं जास्तीचं धावणं.

पडदे, गालिचे, भिंतीवरचा १० सेंटिमीटर फोम यांच्याकडून ४० हर्ट्झला काही अपेक्षा ठेवू नका. तिथे तरंगलांबीचा पावभागच २ मीटरहून जास्त असतो.

प्रश्न : सबवूफर मागून येतोय असं वाटतं. मुख्य स्पीकरचा ठोका आधी, धमक नंतर. खोलीत फिल्टर लावून झाले. रिसीव्हरनं सबवूफरचं अंतर ५ मीटर धरलंय, प्रत्यक्षात ते ३ मीटर आहे. मी ३ करून ठेवलं.

उत्तर : ते परत ५ करा. सबवूफरमधला डीएसपी आणि त्यातले फिल्टर काही मिलिसेकंद खातात आणि रिसीव्हर तो वेळ अंतराच्या रूपात मोजतो. २ मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ ६ मिलिसेकंद. टेपचा आकडा घातलात तेव्हा तेवढाच उशीर तुम्ही परत आणलात.

शिवाय सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब तपासा. रिसीव्हर ८० हर्ट्झला कापत असेल तर हा नॉब पूर्ण वर किंवा एलएफईवर (म्हणजे त्याचा फिल्टर बंद) हवा. दोन फिल्टर एकावर एक चढले की उतार दुप्पट तीव्र होतो, उशीर वाढतो आणि ६० ते ८० हर्ट्झमध्ये भोक पडतं. ‘मंद’ म्हणून तक्रार येणाऱ्या सबवूफरचं हे फार नेहमीचं कारण आहे.

बारीक जुळवणीसाठी एक युक्ती : सबवूफरची पोलॅरिटी (कोन पुढे की मागे जाणार ती दिशा) मुद्दाम उलटी करा, ८० हर्ट्झचा सूर मुख्य स्पीकर आणि सबवूफर दोन्हींतून लावा आणि अंतराचा आकडा १५-२० सेंटिमीटरनी बदलत न्या. आवाज सर्वांत खाली पडेल तो आकडा पकडा, मग पोलॅरिटी सरळ करा. जिथे सर्वांत जास्त खोडलं जात होतं तिथेच आता सर्वांत जास्त जुळेल. मात्र असा खड्डा दर १२.५ मिलिसेकंदांनी, म्हणजे दर ४.३ मीटरनी पुन्हा भेटतो, त्यामुळे चुकीच्या आवर्तनावर थांबायची भीती असते. शेवटी ६० ते १०० हर्ट्झचा पट्टा तपासा; तो सगळा भरलेला असेल तर जुळणी बरोबर.

आणि किक ड्रमचा ‘टक्’ मुळात २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो. तो मुख्य स्पीकरच देतात. तो बोथट वाटत असेल तर सबवूफरची पातळी ३ डेसिबल उतरवून ऐका.

प्रश्न : माहितीपत्रकात ‘चपळाई’ कोणत्या आकड्यावरून ओळखायची? मी आजवर कोनचं वजन बघत आलो.

उत्तर : वजनाऐवजी कॉइलचा इंडक्टन्स बघा. कॉइल करंटच्या बदलाला विरोध करते आणि झटपट चढणाऱ्या सिग्नलला खरा अडथळा तिथे होतो. ढोबळ अंदाजासाठी डीसी रेझिस्टन्सला २π आणि इंडक्टन्सच्या गुणाकारानं भागा. ३.५ ओहम आणि १ मिलिहेन्रीला सुमारे ५६० हर्ट्झ येतात, निर्धास्त राहा. ३ मिलिहेन्रीला १८६ हर्ट्झ. ८० च्या क्रॉसओव्हरला चालेल. ५ मिलिहेन्रीला १११ हर्ट्झ, म्हणजे वरचा बास आतापासूनच उतरू लागला. लांब प्रवासासाठी चार थर गुंडाळलेल्या जाड कॉइलचा इंडक्टन्स मोठा असतो आणि अशा कॉइल मोठ्या ड्रायव्हरमध्ये जास्त दिसतात. मोठा म्हणजे मंद या समजाला थोडाफार आधार असलाच तर तो इथला. पण तशीच कॉइल १० इंचीत घातली तर तोही तसाच वागेल. मॅग्नेटच्या रचनेत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची शॉर्टिंग रिंग असेल तर इंडक्टन्स उतरतो आणि कोन पुढेमागे होताना कमी बदलतो. त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत.

प्रश्न : ड्रायव्हर खाली तोंड करून बसवला तर जड कोन लोंबतो का?

उत्तर : लोंबतो, पण किती ते एफएसवरून काढता येतं. २० हर्ट्झ एफएसला ०.६ मिमी. एक्समॅक्स १५ मिमी असेल तर हे ४ टक्के झाले, चालेल. एफएस १५ हर्ट्झ असेल तर १.१ मिमी, एक्समॅक्स १० मिमीच असेल तर तो ड्रायव्हर समोर तोंड करूनच लावा. बॉक्सखालचे पायही पुरेसे उंच हवेत, नाहीतर हवेची वाट अरुंद होते.

प्रश्न : गाडीत ८ इंची पुरतो, मग घरात का नाही?

उत्तर : बंद केबिनची लांबी २.५ मीटर धरली, तर सुमारे ७० हर्ट्झच्या खाली दाब जवळजवळ १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हनं (फ्रीक्वेन्सी निम्मी होताना दर वेळी) वाढत जातो. सील्ड सबवूफर रेझोनन्सखाली नेमका याच दरानं उतरतो, म्हणून दोन्ही एकमेकांना भरून काढतात आणि छोटा कोनही खालपर्यंत पोहोचल्यासारखा वाटतो. काचा उतरवल्या की हा फायदा बराचसा जातो. घरातली खोली मोठी, तिथे ही मदत ३४ हर्ट्झच्या खाली सुरू होते, आणि दारंखिडक्यांमुळे गाडीइतकी कधीच मिळत नाही.